उत्तरपूजेनंतर

"मुहंदिस, हात धुतलेस?"

शुक्रवारी सकाळी फळीजवळ गेलो की हा प्रश्न ठरलेला. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. तो मी नाही. अहमदीकडच्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे, मूळचा सांगलीचा. पण सुटीच्या दिवशी तीन-चार तास एका वयस्कर कुवेती गृहस्थांच्या दिवाणियामागच्या, म्हणजे पुरुषांच्या बैठकीमागच्या, खोलीत जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. फुकट. खोलीला ते 'मतहफ' म्हणतात, संग्रहालय. पाटी नाही, तिकीट नाही. तीन भिंतींना फळ्या आणि त्यांवर यंत्रं, बरीचशी अल-राईच्या शुक्रवारच्या बाजारातून उचललेली.

त्यांत मान 'सख्र'चा. सख्र म्हणजे खडक. मोहम्मद अल-शारेख यांनी १९८२ साली कुवेतमध्ये कंपनी काढली आणि जपानी बनावटीच्या एमएसएक्स या घरगुती कॉम्प्युटरांना अरबी शिकवली. अरबी अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी रूप बदलतं, आणि ओळ चालते उजवीकडून. जुन्या कॉम्प्युटरवर आपली जोडाक्षरं फुटताना ज्याने पाहिली आहेत, त्याला यातली मेहनत सांगावी लागत नाही. २ ऑगस्ट १९९०ला इराकी फौजा आल्या. कंपनीचा कारभार पुढे कैरोला गेला. घरोघरचे सख्र अडगळीत पडले.

रमजानच्या आधी सख्रमध्ये खोचायचं एक कार्ट्रिज हातात आलं, कुराणाचं. जोडणीच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या. अशा वेळी आधी खोडरबर हलक्या हाताने घासायचं, मग कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पुसायचं. बाटलीचं बूच उघडलं आणि हात थांबला. दारूबंदीचा देश, आत कुराण, आणि माझ्या बोटांत अल्कोहोलचा कापूस. त्यांनाच विचारलं.

"मी काही मौलवी नाही," ते त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले. "पण हे पिण्याचं नाही, औषध आहे. आणि बंद असेल तोवर ते प्लास्टिक. पडद्यावर उमटलं की कुराण."

हा हिशोब मला परका नव्हता. आमच्याकडेही प्राणप्रतिष्ठेआधी शाडू, मग देव, उत्तरपूजेनंतर पुन्हा शाडू. इथे फ्लॅटमध्ये बादलीत विसर्जन करतो, तेव्हा हाच नियम मनाला धीर देतो.

घासताघासता मात्र एक गोष्ट खुपली. बंद असताना ते नुसतं प्लास्टिक, तर मग हात का धुवायचे?

"कारण काल तू प्लांटमध्ये होतास," ते म्हणाले. "तेल असतं हाताला."

उत्तर बिनतोड होतं. पण ते देताना त्यांनी ते प्लास्टिक दोन्ही हातांनी उचललं होतं. मला वडील आठवले. उत्तरपूजा झाली, मूर्तीच्या हातावर दही ठेवलं, मूर्ती जागची हलवली. शास्त्राप्रमाणे देव गेलेला. तरी नदीपर्यंत वडिलांचा एक तळवा मूर्तीच्या खाली असायचा. तो कोणासाठी?

शरीर आणि आत्म्याची उपमा इथे लगेच सुचते. मला ती पटत नाही. आत्म्याचं शरीरावाचून अडत नाही म्हणतात. या मजकुराला मात्र कळकट पट्ट्या घासल्याशिवाय वाचा फुटत नाही. त्याचं सगळं अडतं ते या जागेपाशी. म्हणून आदर फक्त आलेल्याचा नसतो, तो ज्या जागी येतो त्या जागेचाही असतो. देव समोर असताना हात आपसूक जुळतात. तो नसताना आपण मूर्ती कशी धरतो, यात खरी श्रद्धा दिसते, असं मला वाटू लागलं आहे.

बायको फोनवर म्हणते, "मेलेल्या यंत्रांना कवटाळून बसायचं म्हणजे मोहच की." असेलही. आम्ही पाण्यात सोडतो, ते फळीवर ठेवतात. पण सोडणाराही मूर्ती भिरकावत नाही.

तिसऱ्या खेपेला पडदा उजळला, उजवीकडून अक्षरं आली. ते काही बोलले नाहीत. मी बाटलीचं बूच घट्ट केलं. मग त्यांनी बटण बंद केलं, कारण यंत्र चालू असताना कार्ट्रिज कधी ओढायचं नसतं, आणि ते काढून पुन्हा डबीत ठेवलं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी विचारायच्या आतच मी बेसिनकडे गेलो. हाताला तेल नव्हतं. दोन दिवस रजेवरच होतो.