माइकपासून वीतभर लांब

पॉप फिल्टर घ्यायचं ठरवलं तेव्हा मनाशी म्हटलं, ऐकणाऱ्यांसाठी घेते आहे. हे कितपत खरं आहे, ते स्वतःला विचारून पाहायला हवं.

निगडी प्राधिकरणातल्या घराच्या मागच्या खोलीत मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. बहुतेक स्पर्धा परीक्षांची असतात. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा रूपात, नफा न घेता पुस्तक आणण्यासाठी परवानगीची अट उरली नाही. याच विषयावरचा माराकेश करार २०१३ चा. २०१४ मध्ये त्याला सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. ही मुभा वाचकाच्या हक्कापोटी मिळाली आहे, माझ्या आवाजाला श्रोते मिळावेत म्हणून नाही. माझी सगळी चौकशी इथूनच सुरू होते.

तोंडासमोर तळहात धरून आधी 'पाणी' म्हणावं, मग 'फळ'. पहिल्या शब्दाला हवा जेमतेम जाणवते, दुसऱ्याला झोत येतो. हा झोत माइकच्या पातळ पडद्यावर आदळला की ऐकणाऱ्याच्या कानात 'धप्प' असा दणका बसतो. पॉप फिल्टर म्हणजे माइकसमोर धरलेली जाळी; तिच्यामुळे झोत विस्कटतो. आवाजाच्या लहरी मात्र आरपार जातात. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या प मध्ये असते तशी फुंकर आपल्या प मध्ये नसते, म्हणून माइकची परीक्षा फ आणि भ ने घ्यावी.

माइकवर चढवायची स्पंजची टोपी सगळ्यांत सोपी. पण ती वरच्या पट्टीतले बारीक आवाज थोडे दाबते, आणि स, श, च यांची धार तिथेच असते. अभ्यासाच्या पुस्तकात हे मला चालणार नाही. नायलॉनच्या दुहेरी कापडाची गोल चौकट काही शे रुपयांत मिळते. भरतकामाच्या रिंगवर पातळ पायमोजा ताणूनही ती घरी करता येते. धातूची जाळी धुता येते, जास्त टिकते. फरक एवढाच आहे. मग मी इतके दिवस कशात अडकले होते?

अडकले होते अंतरात. माझ्याकडे आहे तसा एका दिशेचा आवाज घेणारा माइक असला, की तोंड जवळ नेल्यावर आवाजातला खर्ज वाढतो. आवाज भरदार, भारदस्त होतो. पुणे आकाशवाणी १९५३ साली सुरू झाली. तिथल्या आवाजांवर आमच्या घराचे कान घडले. तसं आपणही ऐकू यावं ही इच्छा माझ्यात आहे, आणि ती लहानसहान नाही. जवळून वाचण्याचं कारण मी नेहमी रस्ता हेच सांगत आले: जुना पुणे-मुंबई महामार्ग, भक्ती-शक्ती चौकाकडे वळणारे ट्रक, मेट्रोचं काम. कारण खोटं नाही. तोंड जवळ असलं की आवाजाच्या मानाने बाहेरचा गोंगाट कमी येतो. पण पहाटे, रस्ता शांत असतानाही मी तितकीच जवळ बसते. तेव्हा रस्त्याचं कारण पुरत नाही.

आणि ऐकणारे काय करतात? त्यांच्यातले कितीतरी जण रेकॉर्डिंग दीडपट, दुप्पट वेगाने ऐकतात. अभ्यासक्रम मोठा, वेळ थोडा. त्या वेगात माझा खर्ज, माझे ठहराव, ज्यांचा मला अभिमान वाटतो ते सगळं निघून जातं. उरतात ती व्यंजनं. कलमाचा क्रमांक, सनावळी, 'पट' की 'फट' एवढंच त्यांच्या हाती लागतं. दणका तेवढा वेगातही बसतो, आणि त्याखाली शेजारचं अक्षर बुडतं.

म्हणजे जाळीचा खरा उपयोग वारा अडवण्याइतकाच मला मागे ठेवण्याचा आहे. ती माइकच्या पुढे चार बोटांवर लावली की तोंड आपोआप वीतभर लांब राहतं. थोडं बाजूला वळून वाचलं तर झोत निसटून जातो. खर्ज कमी होतो. तो गेलेला मला आवडत नाही, हे मान्य करते. पहिल्यांदा ऐकताना स्वतःचाच आवाज किरकोळ वाटला आणि हात पुन्हा माइक जवळ ओढायला गेला.

धातूची जाळी घेतली आहे. आता प्रत्येक प्रकरण पाठवण्याआधी दुप्पट वेगाने ऐकते, हातात पुस्तक न घेता. जो शब्द कळत नाही तो परत वाचते. खिडकीत जाड गोधडी टांगली आहे, तरी ट्रकचा हॉर्न आत येतोच. तो आला की वाक्य पहिल्यापासून. हे सगळं वेळखाऊ आहे, आणि महिन्याला होणारी पानं त्यामुळे घटली आहेत. कमी पानं स्वच्छ द्यावीत की जास्त पानं कामापुरती, हे मात्र मी एकटीने ठरवणं बरोबर नाही. ते विद्यार्थ्यांना विचारायचं आहे.