पत्ता विचारणारा माणूस

‘मु. पो.’, मग तालुका, मग जिल्हा. एवढ्यावर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या पत्रं पोचत आली. पत्त्यात घराचा क्रमांक नसे, गल्लीचं नाव नसे; शेवटचा टप्पा पोस्टमनच्या ओळखीवर सोपवलेला असे. पाहुणाही तसाच पोचायचा. एसटीतून उतरून फाट्यावरच्या टपरीवर ‘अमक्यांचं घर कुठं?’ असं विचारायचा, आणि घर दाखवण्याआधी त्याचीच चौकशी व्हायची. कोण आपण? कुठल्या गावचे? त्यांचे कोण लागता? काय काम काढलंत? उत्तरं पटली तर एखादा पोरगा सोबत दिला जाई. नाही पटली तर ‘माहीत नाही बुवा’ म्हणून विषय मिटे, आणि दिवेलागणीपर्यंत त्या घरी निरोप जाई की तुम्हाला कुणीतरी विचारत होतं.

पत्ता आणि खासगीपण यांचं नातं समजून घेताना मला ही चौकशी फार मोलाची वाटते. कुणाचं घर कुठे आहे हे गावात सगळ्यांनाच ठाऊक असे, त्यामुळे पत्ता गुप्त असण्याचा प्रश्नच नव्हता. गुप्त राहता येत नव्हतं ते शोधणाऱ्याला. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचंही असंच आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आणि गावं त्यांत नोंदलेली असतात, पण वही निघते ती आलेल्या यजमानाने स्वतःचं आडनाव आणि मूळ गाव सांगितल्यावर.

मात्र या चौकशीचं कौतुक इथेच आवरायला हवं. ‘कुठले आपण?’ हा प्रश्न आपल्याकडे कधीच निव्वळ काळजीपोटी विचारला गेला नाही. त्याच्या पोटात जात होती. वस्तीचं नाव सांगितलं की माणसाची जात कळे आणि मग पाणी कुठून द्यायचं, कुठे बसवायचं हे ठरे. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीसाठी गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर पारशी लोकांच्या पथिकाश्रमात पारशी नाव लावून ते राहिले. पुढे काय झालं ते त्यांनीच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलं आहे. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसं त्यांच्या खोलीशी आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला एका शहरात पत्ताच मिळू नये, आणि मिळाला तो हुडकून काढून हिरावला जावा! पत्त्याच्या इतिहासात माझ्या लेखी हा प्रसंग पहिल्या पानावरचा आहे. आपली ओळख कुणाला आणि कधी सांगायची हे आपण ठरवावं, ही गरज पाश्चात्त्य पुस्तकांतून आपल्याकडे आली असं म्हणणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने घेतला तो थेट डिसेंबर २०२० मध्ये. तोवर अनेकांना अर्जाच्या पहिल्याच रकान्यात, न विचारता, जात लिहून द्यावी लागत होती.

म्हणून शहराने दिलेल्या अनोळखीपणाचं मोल मला कमी वाटत नाही. ‘खोली नंबर, मजला, चाळ’ हा पत्ता माणसाची फार चौकशी करत नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला आलेला पिनकोड तर त्याहून निर्लेप. टपाल खात्याचे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही सहा आकड्यांची पद्धत बसवली. एकाच नावाची कितीतरी गावं, त्यात पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले. या गोंधळातून वाट काढायची होती. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटपाचं पोस्ट ऑफिस. म्हणून मुंबईचा कोड ४०० ने सुरू होतो, पुण्याचा ४११ ने आणि गोव्याचा ४०३ ने. त्या सहा आकड्यांत कुणाची जात नाही, वंश नाही, मूळ गाव नाही.

पण पत्ता असा सुटसुटीत झाला तसा तो यादीत मावू लागला, आणि यादी चाळणाऱ्याला कुणी ‘कोण आपण?’ असं विचारत नाही. टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी आठवा. आडनावाखाली नाव, पत्ता, नंबर. त्यात आपलं नाव छापून येणं ही त्या काळी अभिमानाची गोष्ट होती. १९७ वर फोन लावला तर निदान पलीकडे माणसाचा आवाज तरी असे. डिरेक्टरी उघडणाऱ्या बोटाची नोंद कुठेच नव्हती. तरी पानं हाताने उलटावी लागत, आणि त्या कष्टांतही थोडं संरक्षण होतं. हे मी उगाच म्हणत नाही. मतदार यादी जाहीर असते, तिच्यात नाव, वय, नातलगाचं नाव, घर क्रमांक असं सगळं असतं. तीच यादी संगणकात शब्द टाकून शोधता येईल अशा रूपात मिळावी, अशी मागणी मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या काँग्रेस नेत्यांनी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केली. निवडणूक आयोगाने मतदारांच्या खासगीपणाचं कारण देऊन विरोध केला आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने मागणी फेटाळली. बोगस नावं पकडायला अशी यादी लागते हा मागणीमागचा युक्तिवाद मला अजूनही वजनदार वाटतो. पण माहिती एकच असली तरी तिच्यापर्यंत पोचण्याची सोय बदलली की तिचा धोका बदलतो, हे त्या वादात उघडपणे बोललं गेलं.

कायद्याने या प्रश्नाकडे पाहायला सुरुवात केली ती दारावरच्या पोलिसापासून. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंगला दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सोडलं होतं, तरी नाव पोलिसांच्या देखरेखीच्या वहीत चढलेलं, आणि रात्री-अपरात्री पोलीस येऊन त्याला उठवत. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटी रद्द केल्या, पण खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं म्हणायला बहुमत तयार नव्हतं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं: खासगीपण हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच आवश्यक भाग आहे. ते मत पूर्णपणे मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं. त्या दिवशी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाचा हक्क एकमताने मान्य केला.

या सगळ्यात दारावर उभं असतं ते सरकार. शोधणारा खासगी माणूस असेल तर काय, हा प्रश्न अमेरिकेत एका खुनाने पुढे आणला. रिबेका शेफर या २१ वर्षांच्या अभिनेत्रीचा पत्ता तिच्या मागे लागलेल्या एका चाहत्याने खासगी गुप्तहेरामार्फत मिळवला. तो गुप्तहेराला मिळाला होता कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन खात्याच्या नोंदीतून. जुलै १९८९ मध्ये त्या चाहत्याने तिच्या दारात तिला गोळी घातली. १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने वाहनचालकांची माहिती अशी देण्यावर बंधन घालणारा कायदा केला. आपल्याकडे रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहन आणि परवान्यांची माहिती घाऊक विकण्याचं धोरण २०१९ मध्ये आणलं आणि खासगीपणाच्या आक्षेपांनंतर २०२० मध्ये मागे घेतलं.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा पाहा. लग्न करू पाहणाऱ्या दोघांची नावं, वय, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण असलेली नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावायची आणि ३० दिवस हरकतींसाठी थांबायचं. आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्नासाठी केलेल्या कायद्यानेच मुलीचा पत्ता भिंतीवर लावावा! तो वाचणाऱ्याला मात्र नाव सांगावं लागत नाही. नाव सांगावं लागतं ते हरकत नोंदवणाऱ्याला, आणि मुलीच्या घरी फोन करणारा हरकत नोंदवायला थोडाच येतो. नोटिसा घरी पाठवण्याची पद्धत दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये बंद केली. केरळ सरकारने २०२० मध्ये या नोटिसा संकेतस्थळावर टाकणं थांबवलं. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस लावायची की नाही हे त्या जोडप्यावर सोडलं. कायद्यातलं कलम मात्र जागेवर आहे, आणि ते तिथे असू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

याच्या नेमकं उलट शहाणपण माहिती अधिकार कायद्यात दिसतं. अर्जदाराकडून संपर्कापुरता तपशील घ्यायचा, कारण विचारायचं नाही, असं कलम ६(२) सांगतं. तरीही अर्जावरचा घरचा पत्ता कुणाच्या हाती लागेल ही भीती खरीच होती. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांनी माहिती अधिकारातून जमिनींचे गैरव्यवहार उघड केले. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांचा खून झाला. नोव्हेंबर २०१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने म्हटलं की अर्जदाराने पोस्ट बॉक्स क्रमांक दिला तरी पुरे. अर्जदार समोर आहे, त्याला उत्तर पोचतं, आणि तो झोपतो कुठे हे कुणाला कळण्याची गरज नाही.

म्हणजे माणूस सापडणं आणि त्याचा पत्ता हाती येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे सगळ्यात आधी कुणाच्या ध्यानात आलं असेल, तर युद्धात हरवलेल्यांना शोधणाऱ्यांच्या. १९१४ मध्ये रेडक्रॉसने जिनिव्हात युद्धकैद्यांसाठी कचेरी उघडली. महायुद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे ७० लाख कार्डं जमली. आजही रेडक्रॉस ताटातूट झालेल्यांचा शोध घेते तेव्हा एक नियम पाळते: माणूस सापडला तर आधी त्याला विचारायचं की तुमचा ठावठिकाणा कळवू का? तो ‘नको’ म्हणाला तर पत्ता दिला जात नाही. महाराष्ट्रातल्या संस्थांतून परदेशी दत्तक गेलेली मुलं मोठी होऊन इथे जन्मदात्या आईचा शोध घेतात, त्यांच्यासाठीही आपल्या दत्तक नियमांनी अशीच वाट आखली आहे. शोध दत्तक गेलेल्या व्यक्तीनेच घ्यायचा, तिऱ्हाइताने नाही. आणि आईने मूल सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती घ्यायची. या शोधातली तडफड मी कमी लेखत नाही. आपला चेहरा कुणासारखा आहे हे जाणून घ्यायचा हक्क मोठाच आहे. पण पलीकडे कदाचित अशी बाई आहे, जिच्या आजच्या घरात ही गोष्ट कुणालाच ठाऊक नाही, आणि अनोळखी माणसाने तिचं नाव घेत आळीत फिरणं म्हणजे तिचा संसार चव्हाट्यावर आणणं.

आपल्या रोजच्या शोधांना हेच लागू आहे. शाळेच्या बॅचचा मेळावा ठरला की कुणीतरी उत्साहाने सगळ्यांची नावं, पत्ते, फोन यांची फाइल करून ग्रुपवर टाकतो. हेतू प्रेमाचाच असतो. पण त्या पन्नास-साठ जणांत नवऱ्यापासून जीव वाचवून दुसऱ्या शहरात राहणारी एखादी वर्गमैत्रीण असू शकते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांनुसार अशी स्त्री निवारागृहात असेल आणि तिने सांगितलं असेल, तर ती तिथे आहे हे समोरच्याला कळवायचं नाही. निवारागृह जे पाळतं ते आपल्या ग्रुपला न पाळता यावं इतकं अवघड नाही. कुणी पत्ता मागितला तर ‘तिला विचारून सांगते’ एवढं म्हणायचं, आणि खरोखर विचारायचं. सोसायटीच्या वॉचमनने फ्लॅट नंबर सांगण्याआधी वर फोन लावला तर आपल्याला राग येतो. खरं तर फाट्यावरच्या टपरीतला चांगला तेवढा भाग तो आजही सांभाळत असतो.

आणि शोधणारे आपण असू तर पत्त्यामागे लागण्याआधी पत्र लिहावं. बंद पाकिटात घालून ते जुन्या शाळेच्या कचेरीकडे, पूर्वीच्या ऑफिसकडे किंवा दोघांच्या ओळखीच्या माणसाकडे द्यावं आणि ‘एवढं त्यांना पोचवा’ अशी विनंती करावी. पत्रात आपलं पूर्ण नाव, आपला पत्ता, जुनी ओळख कुठली आणि काम काय ते स्वच्छ लिहावं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही, हेही लिहावं. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजावं. मतदार यादी, गाडीचा नंबर, मुलाच्या फोटोमागे दिसणारी पाटी यांवरून घर शोधत बसू नये. पैशाचं येणं असेल, वारसा हक्काचा दावा असेल, तर गप्प राहून समोरच्याला सुटता येऊ नये हे खरंच. त्यासाठी न्यायालय आहे. माणूस समन्स टाळत असेल तर त्याच्या शेवटच्या माहीत असलेल्या घरावर ते डकवता येतं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देता येते, आणि दावा पुढे चालतो. फक्त त्यासाठी वादी म्हणून स्वतःचं नाव आणि पत्ता दाव्यात लिहून द्यावा लागतो.