दुप्पट बांधी

भूमिती म्हणजे जमिनीचे मोजमाप; ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. हिरोडोटस सांगतो की, नाईलच्या पुरात कुणाच्या शेताचा तुकडा वाहून गेला की राजाची माणसे येऊन उरलेली जमीन मोजीत आणि सारा त्या मानाने कमी होई. ही विद्या तेथूनच ग्रीसला गेली असावी. वैनगंगेकाठच्या माणसाला हे फारसे समजावून द्यावे लागत नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यात कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळी तलाव बांधले. पाळ कोठे घालावी, पाणी कोठे वळवावे, हे त्यांना बरोबर कळे. युक्लिडचे नाव त्यांनी ऐकलेही नसेल.

मग ग्रीकांनी वेगळे काय केले? त्यांनी 'का?' असे विचारले, आणि उत्तर मिळेपर्यंत सोडले नाही. चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस मूळच्या दुप्पट भरतो, हे आपल्या शुल्बसूत्रांतही आहे. पण तेथे सिद्धता नाही. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने तेरा खंडांत एकेक विधान आधीच्या विधानावर उभे केले. येथे राजाच्या शब्दालाही कारण द्यावे लागते. समतेची एवढी मोठी शाळा दुसरी नसेल, असे मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत असे.

पण प्लेटोच्या 'मेनो' या संवादातला एक प्रसंग मला बोचतो. सॉक्रेटिस मेनोच्या गुलाम पोराला विचारतो, दोन फूट बाजूच्या चौरसाची दुप्पट कशी करशील? पोर म्हणते, बाजू दुप्पट करून. ते तर चौपट झाले! मग तीन फूट? तेही चुकले. शेवटी कर्ण काढल्यावर त्याला उमगते. सारे जण आनंदतात, आणि चर्चा पुढे सरकते. पोर गुलामच राहते. त्याचे नावसुद्धा प्लेटोने दिलेले नाही. सत्यापुढे जो सर्वांच्या बरोबरीचा, तो सत्य कळल्यावर घरी कोणाच्या जातो?

सॉक्रेटिसला दोष द्यायला मी कोण? माझ्या वर्गात एका सालगड्याच्या मुलाने हेच चुकीचे उत्तर दिले होते: दुप्पट बांधी हवी तर धुरा दुप्पट लांब करायचा. सॉक्रेटिसने दुसरा प्रश्न विचारला. मी कान पिळला. वर्ग हसला. पुढे त्या मुलाने शाळा सोडली. त्याला कारणे पुष्कळ असतील, पण त्यांतले एक मला ठाऊक आहे.

गेल्या पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत तो धुऱ्यावर भेटला. आता चांगला बाप्या झाला आहे.

"गुरुजी, ते दुप्पट बांधीचं राहूनच गेलं," तो हसून म्हणाला.

मी चिखलात काडीने चार चौकोन काढले, प्रत्येकात एक कर्ण ओढला. आतला तिरपा चौकोन त्याने क्षणभर न्याहाळला, अर्धे तुकडे बोटावर मोजले.

"चार अर्धे, म्हणजे दोन. बरोबर!"

आणि तो पुन्हा बांधीत उतरला. बांधी मालकाची होती.