मुक्तेश्वरा, माझ्या घशातलं

मुक्तेश्वरा, वॉर्डात रात्रपाळीला जायच्या आधी तुझ्या पायरीवर बसले आहे. चौपाटीवर भेळेच्या गाड्या कधीच्या परत लागल्या. मी मात्र हात अजून कोपरापर्यंत धुते, आणि कातडी सोलवटते.

२०२०च्या मार्चात कोरोनामुळे तुझंही दार बंद झालं. ते पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडलं. तोवर बेस्ट बसच्या खिडकीतूनच तुला हात जोडायचे. काय मागायचे, ते ऐकू यायचं का रे? जीव वाचव, असं नव्हतं ते. मास्क काढताना माझा हात चुकला नसेल ना, एवढंच विचारायचे. किट उतरवायचा क्रम मी जपासारखा घोकायचे. मास्क सगळ्यात शेवटी. घरी दाराबाहेर कपडे बादलीत टाकून, अंघोळ करून आत गेले, तरी लेकीला जवळ घेतलं नाही. ती पडद्यामागून विचारायची, "आई, आज तरी?"

२२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आमच्या गल्लीने थाळ्या वाजवल्या. पुढच्याच महिन्यात त्याच गल्लीत माझ्या आईला नळाच्या रांगेतून बाजूला उभं केलं. त्या बायांवर माझा राग नाही. त्यांच्याही घरात लेकरं होती.

मुंबईत पहिले रुग्ण सापडले ११ मार्चला. आदल्या दिवशी सावित्रीबाई फुलेंची पुण्यतिथी होती. १८९७च्या प्लेगात त्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांचा फोटो मी रोज बघायचे आणि शरमायचे. त्यांनाही भीती वाटली असेल का, हे मला कुणी सांगितलं नाही. तू सांग.

कारण एक गोष्ट मी अजून कुणाजवळ बोललेली नाही. एप्रिल २०२१, दुसरी लाट. माझे लशीचे दोन्ही डोस झाले होते. किटच्या छातीवर मार्करने माझं नाव लिहिलेलं होतं. एका आजोबांनी ते वाचून मला नावाने हाक मारली आणि हात पुढे केला. त्यांचा ऑक्सिजन खाली चालला होता. माझ्या हातात दोन-दोन मोजे होते, तरी मी हात मागे घेतला. मॉनिटरकडे बघत राहिले. पहाटे ती खाट रिकामी झाली.

तू विष घशात धरलंस. माझ्या घशात हे अडकलंय. गिळवत नाही, थुंकवत नाही. त्या आजोबांना तू भेटला असशील, तर त्यांचा हात माझ्या वतीने धर. माझ्यासारखे आमचे वॉर्डातले मामा, मावशी, कोवळे डॉक्टर आहेत. बझर वाजला की अजून दचकतात आणि हसून टाळतात. त्यांना एकदा कुणापाशी तरी मोकळं रडू दे.

आज नऊ नंबरच्या खाटेवर एक आजी आहेत. सारख्या खोकतात आणि बोलायला माणूस शोधतात. मला त्यांच्या उशाशी स्टूल ओढून बसू दे.