असहायता हा पुरावा आहे काय?

रुग्णाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, गरज पडल्यास त्या एखाद्या सांगाड्यावर रुजवून, निकामी अवयवाची जागा घेईल असा सजीव भाग घडवणे म्हणजे ऊतक अभियांत्रिकी. अशा भागाचे पहिलेवहिले रोपण कशाच्या आधारे क्षम्य ठरते, हा पुढील वादाचा विषय आहे.

शल्यवैद्य : ज्याच्यापुढे दुसरा उपायच उरलेला नाही, त्याला केवळ पुरेसा सिद्ध झालेला नाही म्हणून उपाय नाकारणे म्हणजे नियमाखातर त्याला मरू देणे होय. 2015 मध्ये जर्मनीतील बोखुम येथे, जनुकीय विकाराने त्वचा सोलून निघत असलेल्या 7 वर्षांच्या मुलाच्या जांघेतील 4 चौरस सेंटिमीटर शाबूत त्वचेतून पेशी घेऊन, त्यांत निर्दोष जनुक घालून वाढवलेली बाह्यत्वचा शरीराच्या सुमारे 80 टक्के भागावर बसवली गेली आणि मुलगा वाचला.

नीतिज्ञ : नेमक्या याच युक्तिवादावर 2011 मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात पाओलो मॅकियारिनी यांनी प्लास्टिकची नळी दीड दिवस अस्थिमज्जेतील पेशींच्या द्रवात फिरवून श्वासनलिका म्हणून बसवली. तेथे अशी नळी बसवलेले तिन्ही रुग्ण दगावले.

शल्यवैद्य : त्वचेचे पापुद्रे वाढवण्याची रीत 1975 पासून ज्ञात होती आणि भाजलेल्या रुग्णांवर ती 1980च्या दशकापासून वापरली जात होती, नळीची मात्र प्राण्यांवरही पुरेशी परीक्षा झालेली नव्हती.

नीतिज्ञ : म्हणजे मूळ युक्तिवाद सुटलाच, आता क्षम्यता पुराव्यातून येते, असहायतेतून नव्हे. शिवाय, ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय उरलेली नाही, त्याच्या ‘हो’ला वजन ते किती?

शल्यवैद्य : या न्यायाने मरणाच्या दारातल्या माणसाची कोणतीच संमती खरी नाही. मग त्याच्या वतीने नीतिज्ञांनी निर्णय घ्यायचा काय? आणि पुराव्याशिवाय पहिला रुग्ण नको, तर माणसावरचा पुरावा पहिल्या रुग्णाशिवाय यायचा कोठून?

(घाव वर्मी बसला आहे, नीतिज्ञाने त्याला बगल दिली, हे नोंदवले पाहिजे.)

नीतिज्ञ : मुळात मरणाच्या दारात कोण आहे, हे ठरवतो कोण? नळी बसवायला उत्सुक असलेला वैद्यच.

शल्यवैद्य : तर ते तटस्थाने ठरवावे.

तटस्थांचेही एकमत झाले नाही. 2022 मध्ये स्वीडनमधील सोल्नाच्या जिल्हा न्यायालयाने तिघांपैकी दोघांची स्थिती आणीबाणीची मानून त्यांच्यापुरते मॅकियारिनी यांना निर्दोष ठरवले. 2023 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो बचाव अमान्य करून तिन्ही रुग्णांबाबत अडीच वर्षांचा कारावास सुनावला.