मूठ उघडायची सवय

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २०



आजच्या श्लोकात भगवंत सात्त्विक दान कोणतं ते सांगतात. द्यायलाच हवं म्हणून दिलेलं, जो परतफेड करणार नाही त्याला दिलेलं, आणि जागा, वेळ व माणूस बघून दिलेलं. पुढच्याच श्लोकात राजस दान येतं : फळावर डोळा ठेवून किंवा जड मनाने केलेलं. नीट बघा, सात्त्विक दानात ‘किती द्यावं’ याचा उल्लेखच नाही. आणि ‘द्यावंसं वाटलं म्हणून’ असंही म्हटलेलं नाही.

इथेच मी अडकले. कारण माझं सगळं देणं ‘वाटण्या’वर चालतं.

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ताई, पोरीच्या वह्या घ्यायच्यात, थोडे पैसे मिळतील का?” त्या दिवशी ऑफिसमध्ये माझं बिनसलं होतं. “बघू नंतर,” म्हणून मी दार लावलं. चार दिवसांनी पगार झाला. मूड मस्त होता. मंदिराच्या अन्नदानासाठी अडीच हजार पाठवले आणि पावतीचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला. भरपूर नमस्कार आले. मग मावशी आठवल्या. विचारलं तर म्हणाल्या, “झालं ताई, घेतले एकीकडून उसने.”

पैसे दोन्ही दिवशी माझ्याकडे होते. फरक फक्त माझ्या मूडचा होता, आणि त्याची किंमत मावशींनी मोजली.

म्हणून देण्याची सवय हवी. तुम्ही म्हणाल, सवयीने दिलं तर ते यांत्रिक नाही का होणार? मनात भावच नसेल तर त्या दानाला काय अर्थ? प्रश्न बरोबर आहे. पण नामस्मरणाचं काय होतं ते आठवा. रोज माळ घेऊन बसतो तेव्हा मन रोज थोडंच लागतं? कित्येकदा बोटं मणी ओढतात आणि मन भलतीकडेच असतं. तरी आपण बसतो, कारण ज्या दिवशी मन लागायचं असतं त्या दिवशी आपण आसनावर असायला हवं. देण्याचंही तसंच. शिवाय समोरच्याची भूक माझ्या भावाची वाट बघत थांबत नाही.

विनोबांनी घराघरांत ‘सर्वोदय-पात्र’ ठेवायला सांगितलं होतं. रोज त्यात मूठभर धान्य टाकायचं, आणि तेही घरातल्या लहान मुलाच्या हाताने. मला यात फार मोठी शिकवण दिसते. मुलाची मूठ ती केवढीशी! घराला तिचा भार होत नाही. पण जेवायच्या आधी दुसऱ्याचा वाटा काढायचा असतो, हे त्या हाताला कायमचं कळतं. आपल्या आजी-पणजीच्या घरी गोग्रास निघायचा, दारी आलेल्या वासुदेवाला सुपातून पसाभर मिळायचं, त्यातही हेच होतं. ‘माझं, माझं’ ही पकड रोज थोडी घट्ट होत असते. मग ती वर्षातून एकदा सैल करून कसं भागेल?

आता दुसरी बाजू. उद्या मी दरमहा आपोआप पैसे कापले जातील अशी सोय केली आणि विसरून गेले, तर? वाईट नाही, ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत ते पोचतीलच. पण जागा, वेळ, माणूस बघायला सांगितलंय, त्याचं काय? ते बघायला डोळे उघडे लागतात. हाताला सवय असावी, नजरेला नसावी. नाहीतर पैसे जात राहतील आणि दारातल्या मावशी मला दिसणारच नाहीत.

आजचा संकल्प : देवघराशेजारी एक डबा ठेवूया. रोज दिवा लावताना त्यात दहा रुपये टाकायचे. मूड असो वा नसो. महिनाअखेरीस तीनशे होतील. ते कुणाला द्यायचे हे मात्र महिनाभर आजूबाजूला बघून ठरवायचं. आणि स्क्रीनशॉट नाही काढायचा!

पांडुरंगा, माझ्या मनाचा भरवसा नाही. निदान या हाताला तरी वळण लाव.

राम कृष्ण हरी 🙏