तेरावा महिना कोणाचा?

पुढे येणाऱ्या एखाद्या दिवसाची तारीख आज काढून ठेवणे ही वरवर पाहता निव्वळ हिशेबाची बाब आहे. आजचा दिवस धरावा, त्यात ठरलेले महिने मिळवावेत आणि आलेले उत्तर लिहून मोकळे व्हावे. यात नीती-अनीतीचा प्रश्न कुठून आला, असे कोणीही विचारील. परंतु मुदत जसजशी लांबत जाते तसतसा हा प्रश्न डोके वर काढतो, असे आम्हांस वाटते. कारण 'महिना' आणि 'वर्ष' ही मापे दर वेळी सारखी भरत नाहीत. मोजणी कोणत्याही पद्धतीने केली तरी काही दिवस शिल्लक राहतात किंवा कमी पडतात. ते दिवस कोणाच्या पदरात घालावयाचे, हे गणित सांगत नाही. ते माणसांना ठरवावे लागते, आणि जे माणसे ठरवतात तेथे न्याय-अन्याय आलाच. आपल्या जुन्या पत्रांच्या माथ्यावर 'मिती' लिहिण्याची रीत होती. मिती म्हणजे मोजमाप, आणि मिती म्हणजे तिथीही. दिवस सांगणारा माणूस माप सांगत असतो, हे त्या एका शब्दात सामावलेले आहे.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मराठवाड्यात, जो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता, आणि विदर्भातही, शेतावर सालगडी ठेवण्याची पद्धत आहे. गुढीपाडव्याला बोली होते आणि ती पुढच्या पाडव्यापर्यंत चालते. रक्कम सालाची ठरते, दिवसाची नव्हे. आता २०२३ चा पाडवा २२ मार्चला आला, आणि त्यापुढचा ९ एप्रिल २०२४ रोजी. कारण मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा अधिक श्रावण पडला होता. म्हणजे ते साल ३८४ दिवसांचे झाले. पुढचा पाडवा ३० मार्च २०२५ रोजी आला, म्हणून दुसरे साल ३५५ दिवसांचे झाले. बोली 'एका सालाची' एवढीच झाली असेल, तर एकाच रकमेत एका गड्याने दुसऱ्यापेक्षा २९ दिवस अधिक राबावयाचे. कोणी कोणाला फसविले नाही, कोणी शब्द मोडला नाही, पाडव्यापासून पाडव्यापर्यंतची मोजणीही अचूक आहे. तरीही कोठे तरी काही चुकले आहे, असे मनाला वाटल्यावाचून राहत नाही. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण आपण संकटावर संकट आल्याच्या अर्थाने सहज वापरतो. पण सालावर जगणाऱ्या घराला ती अक्षरशः कळत असली पाहिजे. कणगीतले धान्य बारा महिन्यांचे असते, आणि तोंडे मात्र तेराव्या महिन्यातही उघडतात.

हा तेरावा महिना कोणी लबाडीने घुसडलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. चंद्राचा महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा असतो. असे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात, आणि ऋतूंचे वर्ष ३६५ दिवसांहून थोडे अधिक चालते. दरवर्षी जवळजवळ अकरा दिवसांची तूट येते आणि ती साडेबत्तीस महिन्यांच्या सुमारास एका महिन्याएवढी होते. एकोणीस वर्षांत असे सात महिने घालावे लागतात. तेवढी भर घातली नाही तर श्रावण उन्हाळ्यात आणि दिवाळी पावसाळ्यात यावयास वेळ लागणार नाही. अधिक मास म्हणजे निसर्गाच्या न जुळणाऱ्या दोन मापांमधील बाकी वेळच्या वेळी चुकती करण्याची एक प्रामाणिक व्यवस्था आहे.

जेथे ही बाकी चुकती केली जात नाही, तेथे ती अन्य मार्गाने वसूल होते. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र आहे, त्यात अधिक महिना नाही. त्यामुळे ऋतूंची तेहेतीस वर्षे होतात तेव्हा हिजरी वर्षे चौतीस भरतात. धर्मकृत्यांस याने काही बाध येत नाही. पण शेतसारा त्या वर्षाने घेऊ लागले तर तेहेतीस पिकांवर चौतीस वेळा सारा द्यावा लागेल. सरकारी वसुलीसाठी पिकांच्या चक्राशी जुळणारा फसली सन निघाला तो याच अडचणीतून. अकबराच्या काळी सुरू झालेला हा सन निजामाच्या राज्यात कारभारासाठी चालू होता, आणि हैदराबादकडील जुन्या मराठी घरांच्या कागदपत्रांत तो आजही भेटतो. दप्तरातला हा बदल रयतेच्या डोक्यावरील एका अख्ख्या वर्षाच्या साऱ्याशी निगडित होता.

आपल्यासारख्या, मुलखाबाहेर पिढ्यानपिढ्या स्थिरावलेल्या कुटुंबांना मापांचा हा भेद पुस्तकात वाचावा लागत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे आपला महिना अमावास्येला संपतो आणि शेजाऱ्याचा पौर्णिमेला. गोकुळाष्टमीची रात्र एकच. ती आपल्याला श्रावण वद्य अष्टमी असते आणि त्याला भाद्रपद कृष्ण अष्टमी. शुद्ध पक्षात दोघांचे महिने जुळतात, वद्य पक्षात एका महिन्याने वेगळे होतात. वडोद्याला महिने आपल्यासारखेच अमान्त, पण संवत बदलतो कार्तिकात. तेथे ज्येष्ठाच्या आरंभी कोणी 'वर्षाअखेर पैसे चुकते करीन' असे म्हटले, तर देणे दिवाळीला, म्हणजे पाच महिन्यांनी, की पाडव्याच्या तोंडाशी, म्हणजे दहा महिन्यांनी? दोन्ही उत्तरे आपापल्या पंचांगाने बरोबर आहेत. म्हणून दोन चालींमध्ये राहणाऱ्यांना एक सवय लावून घ्यावी लागते: नुसती तिथी सांगून न थांबता ती कोणत्या गणनेची, हेही सांगणे. ही सवय आम्ही केवळ सोयीची मानीत नाही. समोरचा माणूस माझ्याच मापाने मोजतो असे गृहीत न धरणे, हा त्याचा मान राखण्याचाच एक प्रकार आहे.

इंग्रजी तारखा आल्या म्हणजे हा घोळ मिटतो, अशी समजूत आहे. ती खरी नाही. ३१ ऑगस्टपासून सहा महिने कोणत्या दिवशी पूर्ण होतात? फेब्रुवारीला एकतिसावा दिवसच नाही. वचनचिठ्ठ्यांविषयीच्या १८८१ च्या कायद्याने यासाठी नियम केला: ज्या महिन्यात तसा दिवस नसेल, तेथे महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुदत संपली असे धरावे. त्या कायद्यातील दाखल्यांनुसार ३० ऑगस्ट १८७८ ची आणि ३१ ऑगस्ट १८७८ ची, अशा तीन महिन्यांच्या दोन्ही चिठ्ठ्या एकाच दिवशी, ३ डिसेंबरला, देय होतात. तीन दिवस सवलतीचे धरलेले आहेत. येथे एक दिवस गडप झाला आणि तीन दिवस ऋणकोला मिळाले. त्याच कायद्यात देय दिवस सुट्टीचा आला तर आदल्या कामाच्या दिवशी पैसे द्यावयाचे आहेत, म्हणजे तो दिवस धनकोच्या बाजूला गेला. उलट, १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टप्रमाणे एखाद्या कचेरीत वा न्यायालयात करावयाच्या कामाचा शेवटचा दिवस सुट्टीचा असेल, तर ते पुढच्या उघड्या दिवशी केलेले चालते. 'तीन महिने' म्हणजे नव्वद दिवस नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्ये हिमाचल प्रदेश सरकारच्या एका लवाद-प्रकरणात स्पष्ट करावे लागले. १२ नोव्हेंबर २००७ पासून १२ फेब्रुवारी २००८ पर्यंत मोजले तर ९२ दिवस होतात, आणि एखाद्याचा दावा ऐकला जाणे वा न जाणे अशा दोन दिवसांवर अवलंबून राहू शकते. यांतील कोणता नियम अधिक न्याय्य, यावर मतभेद होऊ शकतील. पण शिल्लक दिवस कोणाचा, हे कायद्याने आधी आणि उघड सांगितले आहे, हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे.

जेथे तसे उघड सांगितले जात नाही, तेथे तेरावा महिना नव्या वेषात परत येतो. मोबाइल दूरध्वनीच्या आगाऊ भरण्याच्या योजना दीर्घकाळ २८ दिवसांच्या असत आणि लोक त्यांना सहज 'महिन्याचा रिचार्ज' म्हणत. २८ दिवसांचे तेरा हप्ते ३६४ दिवस भरतात. म्हणजे बारा महिन्यांच्या वर्षात ग्राहक तेरा वेळा पैसे भरत होता. योजनेवर दिवस छापलेले होते, म्हणून हे असत्य म्हणता येत नाही. पण 'महिना' या शब्दावर माणसाचा जो विश्वास असतो त्याच्या आडोशाने हे चालले होते. २०२२ च्या जानेवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने प्रत्येक कंपनीने निदान एक योजना ३० दिवसांची आणि एक दरमहा त्याच तारखेस नूतन होणारी ठेवावी, असा आदेश काढला.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो बिनतोड वाटतो. कोणी म्हणेल, पंचांग काही गुप्त नाही. अधिक मास कधी येणार हे कित्येक वर्षे आधी छापलेले असते. शिवाय एका वर्षी १९ दिवस जास्त गेले, तर पुढल्या वर्षी दहा कमी होतात. एकोणीस वर्षांत सगळे समतोल होते. मग तक्रार कशाची?

आमचे उत्तर असे की, सरासरी ज्याच्यापाशी पुष्कळ वर्षे आणि पुष्कळ करार असतात त्यालाच लाभते. मालक एकोणीस साले शेत करतो, चार-पाच गडी ठेवतो. त्याच्या वहीत अधिक-उणे फिटून जाते. गडी एकोणीस वर्षे त्याच शेतावर राहील असे नाही. त्याच्या वाट्याला नेमके ३८४ दिवसांचे साल येऊन तो पुढच्या पाडव्याला दुसरीकडे गेला, तर त्याचे २९ दिवस कोणत्याच वहीत जमा होत नाहीत. गणिताच्या दृष्टीने जो समतोल आहे, तो त्या माणसाच्या आयुष्यात कधी घडतच नाही. आणि पंचांग छापलेले असणे व ते पाहून बोली करण्याइतकी सवड, अक्षरओळख आणि ताकद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला पुढचा हिशेब दिसतो त्याने तो न दिसणाऱ्याला सांगावा, एवढे तरी त्याचे कर्तव्य ठरतेच. गप्प राहून मिळविलेले दिवस बेकायदा नसतील. ते कमावलेले मात्र म्हणता येणार नाहीत.

हा नियम सरसकट सर्व तारखांना लावू नये, हेही खरे. काही तारखा कराराच्या नसून अदमासाच्या असतात. 'नऊ महिने नऊ दिवस' असे आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणत आल्या. जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावयास सांगतो. महिने लहानमोठे असल्यामुळे ही बेरीजही कधी २८०, तर कधी २८३ दिवसांची होते. काढलेल्या नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी मुले शंभरांत जेमतेम चार-पाच. येथे चार दिवस मागे-पुढे झाले तर ते कोणाच्या नावे मांडावयाचे नसतात, कारण येणाऱ्या जीवाने कोणताही कागद सही करून दिलेला नाही. अदमासाला वचन समजून रुसणे आणि वचनाला अदमास समजून टाळणे, या दोन्ही चुका व्यवहारात सारख्याच आढळतात. मुदत ठरविताना ती यांपैकी कोणत्या जातीची, हे आधी ओळखावे.

आपल्या परंपरेने तेराव्या महिन्याविषयी हाच प्रश्न वेगळ्या भाषेत विचारला होता. पुराणकथा अशी की, प्रत्येक महिन्याला एक अधिपती देवता होती. या उरलेल्या महिन्याला कोणीच पत्करीना, तो मलमास म्हणून हिणवला गेला. शेवटी विष्णूने त्याला आपले म्हटले आणि पुरुषोत्तम हे स्वतःचे नाव दिले. म्हणून या महिन्यात मंगलकार्ये नाहीत, दान मात्र आहे. तेहेतीस अनारशांचे वाण आहे. ते वाण बहुधा जावयाकडे जाते, आणि जावई हा काही व्यवहारातील दुबळा पक्ष नव्हे, हे मान्य. तरी त्यामागची कल्पना विचार करण्याजोगी आहे: ज्या काळाला धनी नाही, तो मिळविण्यासाठी नसून देण्यासाठी आहे.

तेव्हा दूरची तारीख ठरविणाऱ्याने आमच्या मते तीन गोष्टी पाळाव्यात. माप कोणते ते सांगावे. त्या मापात काय उरते वा तुटते, तेही सांगावे. आणि सांगावयाचे राहून गेले असेल, तर शिल्लक दिवस त्याच्या बाजूने मोजावेत, ज्याला पुढच्या वर्षी तूट भरून काढण्याची संधी मिळण्याचा संभव कमी. सालगड्याच्या बोलीत 'अधिक मास आल्यास त्या महिन्याचा रोजगार वेगळा' एवढी एक ओळ पुरे आहे. ती लिहिण्यास शाई फारशी लागत नाही. लागते ती पुढच्या पाडव्यापर्यंत दुसऱ्याच्या घरातील कणगीकडे पाहण्याची तयारी.